एक्स२ए चा माग – प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

७ जून, शनिवार

एकदाची बसले. फेब्रुवारीपासून नुसतं "करायचंय करायचंय" चाललं होतं, आज फोल्डर बनवला, फोल्डरला नाव दिलं आणि त्यातच अर्धा तास घालवला.

विषय: मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांमधला) मधला हॅप्लोग्रुप एक्स, म्हणजे एका मूळ बाईपासून निघालेला वंश, त्यातही एक्स२ए ही फांदी. हा डीएनए आईकडून येतो, मुलगा मुलगी दोघांना मिळतो पण पुढे देते ती फक्त मुलगी. एकूण १६,५६९ अक्षरं. बाकीच्या तीन अब्ज अक्षरांपुढे ही म्हणजे खिशातली चिल्लर, पण दर पिढीत बापाकडच्याशी मिसळत नाही, त्यामुळे आईची आई, तिची आई असा सरळ धागा पकडून मागे जाता येतं, मधे कुठे गुंता नाही.

हीच फांदी का, तर तिचा पत्ता विचित्र आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमधे आईकडचे मुख्य पाच वंश, ए, बी, सी, डी आणि एक्स. पहिल्या चौघांचे नातेवाईक सायबेरिया आणि पूर्व आशियात हवे तेवढे मिळतात, म्हणजे हिशोब सरळ, बेरिंगच्या बाजूने, सायबेरियातून अलास्कात चालत आले. एक्सचे नातेवाईक मात्र युरोप, कॉकेशस, मध्यपूर्व, उत्तर आफ्रिकेत. आणि मधला अख्खा सायबेरिया जवळपास कोरा. मग ह्या बाई अमेरिकेत पोचल्या कुठून?

सप्टेंबरमधे आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर अर्धा तास बोलायचंय. एक मोठा नकाशा आणि एक झाड छापून लावायचं, एवढाच प्रकल्प. एवढाच म्हणतेय खरी.

८ जून, रविवार

जेनबँकेतून (डीएनए सिक्वेन्सचा खुला साठा) पूर्ण मायटोजिनोम, म्हणजे लोकांचे अख्खे मायटोकॉन्ड्रियल डीएनए, उतरवायला घेतले. नवीन नाही काही मिळवायचं, लोकांनी आधीच छापलेलं एका ठिकाणी आणायचं. वाटलं दोन तासांचं काम. पण कुणी देश लिहिलाय, कुणी नुसती जमात लिहिलीये, कुणी काहीच नाही आणि ते मूळ पेपरच्या तक्त्यात जाऊन शोधायचं. एका तक्त्यात स्कॅन केलेलं पान आहे, त्यातलं हाताने टाइप केलं. दुपारची झोप गेली.

फांद्यांची नावं हॅप्लोग्रेप नावाच्या टूलमधून काढतेय, ते इन्सब्रुकच्या लोकांनी केलंय, फाइल टाकली की सांगतं हा नमुना झाडाच्या कुठल्या डहाळीवर बसतो. झाड म्हणजे फायलोट्री, त्याची १७ वी आवृत्ती, फेब्रुवारी २०१६ ची.

१४ जून, शनिवार

आजचा दिवस वाया गेला म्हणायचा की शिकण्यात गेला ते कळत नाहीये. सगळे सिक्वेन्स संदर्भ सिक्वेन्सशी जुळवून बघितले तर प्रत्येक नमुन्यात, एकूण एक, ३१०७ या जागी फरक. मी खूष, म्हटलं काहीतरी सापडलं! मैत्रिणीला फोन केला, ती बायोटेकवाली आहे, ती आधी हसली आणि मग म्हणाली अगं ती जागाच रिकामी आहे.

प्रकार असा. १९८१ साली केंब्रिजला माणसाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए पहिल्यांदा पूर्ण वाचला, तोच सगळ्या जगाचा फूटपट्टी सिक्वेन्स झाला. १९९९ मधे तोच परत तपासला तर काही चुका निघाल्या, त्यातली एक म्हणजे ३१०६-३१०७ ला दोन सी (डीएनएची अक्षरं चार, ए, सी, जी, टी) लिहिलेले पण प्रत्यक्षात सी एकच. आता एक अक्षर काढलं तर पुढचे सगळे आकडे एकाने सरकणार आणि तोपर्यंत छापलेला प्रत्येक पेपर चुकणार. म्हणून त्यांनी तिथे नुसता एन ठेवून दिला, जागा धरून. एसटीत रुमाल टाकतात तसा. माणूस नाहीच, रुमालच.

दुसरं डोकेदुखीचं ठिकाण १६१८९. संदर्भात तिथे टी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूला सी ची रांग. एक्स वाल्यांमधे नेमका ह्या टी चा सी झालेला असतो, म्हणजे सलग दहा सी, आणि अशा रांगेवर जुनी सिक्वेन्सिंगची पद्धत घसरते, पुढचं सगळं धूसर वाचलं जातं. त्यामुळे जुन्या नमुन्यांत ह्या भागात कधी एक सी जास्त कधी एक कमी. ते मोजायचेच नाहीत असं ठरवलं. ठरवायला दीड तास लागला.

२० जून, शुक्रवार

पालख्या आल्यात, रस्ते बंद, घरूनच काम. मीटिंगमधे कॅमेरा बंद ठेवून १९९८ चा पेपर वाचला (ऑफिसातलं कुणी हे वाचत नसावं).

त्या पेपरचं शीर्षकच प्रश्न आहे, एक्स म्हणजे युरोप-पश्चिम आशिया आणि उत्तर अमेरिका यांच्यातला प्राचीन दुवा का. तोपर्यंत लोकांना वाटायचं की अमेरिकेत एक्स दिसतो तो कोलंबसनंतर आलेल्या गोऱ्या बायकांमुळे मिसळलेला असणार. त्यांनी दाखवलं की नाही, अमेरिकेतला एक्स वेगळा आहे, युरोपातल्याशी थेट जुळत नाही, आणि त्याच्यात जमलेले बदल बघता तो हजारो वर्षं तिथेच मुरलाय. काळ दिला होता १२ ते ३६ हजार वर्षं, म्हणजे केवढी मोठी जाळी टाकली बघा, त्यात काहीही सापडेल.

मग २००१ मधे दक्षिण सायबेरियात अल्ताय लोकांत एक्स सापडला. सगळ्यांना हायसं वाटलं, मधला दुवा मिळाला एकदाचा. दोन वर्षांत तेही गेलं. २००३ मधे एस्टोनियाच्या गटाने पूर्ण सिक्वेन्स लावून मोठा अभ्यास केला तेव्हा दिसलं की अल्तायचा एक्स हा एक्स२ई, म्हणजे पश्चिमेकडच्याच फांदीचा, बऱ्याच उशिरा तिकडे गेलेला. अमेरिकेच्या वाटेवरचा मुक्काम तो नाहीच. त्याच अभ्यासात एक्सचे दोन मुख्य भाग पाडले, एक्स१ जो उत्तर आणि पूर्व आफ्रिकेच्या बाजूला अडकून राहिला, आणि एक्स२ जो सगळीकडे पांगला, तोही शेवटच्या हिमयुगाचा कडाका चालू असताना किंवा त्यानंतर, साधारण २१ हजार वर्षांच्या आसपास.

खाली चौकातून टाळ ऐकू येतायत. जाऊन येते.

२९ जून, रविवार

पहिला नकाशा तयार! आणि त्यात उत्तर अमेरिका पूर्ण पांढरी.

ज्या फांदीसाठी हा सगळा खटाटोप तीच नकाशावर नाही. दोन तास कोड खालवर केला. सगळे नमुने फाइलमधे आहेत, नकाशात नाहीत. शेवटी कळलं आणि कपाळावर हात मारला. मी खंडाच्या रकान्यात उत्तर अमेरिकेसाठी दोन अक्षरी खूण टाकली होती, एन आणि ए. पायथनमधलं पांडाज (तक्ते हाताळणारं टूल) ही अक्षरं दिसली की त्याचा अर्थ घेतं "माहिती उपलब्ध नाही" आणि ती ओळ रिकामी समजतं. न विचारता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे अकरा वर्षं काढलेल्या बाईला हे आधी सुचू नये म्हणजे कमाल आहे.

दुरुस्त केलं. खूण बदलून पूर्ण शब्द लिहिला.

५ जुलै, शनिवार

आता नकाशा बघितला की कुणीही फसेल असा दिसतोय.

डावीकडे अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या आजूबाजूला गडद ठिपका, तिथल्या ओजिब्वे जमातीत साधारण २५ टक्के. पश्चिमेला थोडे थोडे, नूचानूल्थ, नवाहो, याकामा. मग अटलांटिक. मग उजवीकडे पहिली जमीन लागते तिथे स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटं, साधारण ७ टक्के. युरोपात इतरत्र एक-दोन टक्के. मग जॉर्जियात ८ च्या आसपास, उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीच्या द्रूझ पंथाच्या लोकांत त्याहून कितीतरी जास्त. आपल्या भारतात जवळपास नाहीच, आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक हॅप्लोग्रुप एम चे.

आता असा नकाशा समोर ठेवला तर डोळा काय करतो, ग्रेट लेक्सपासून ऑर्कनीपर्यंत आपोआप रेघ ओढतो. ही रेघ खरंच ओढली गेली. डेनिस स्टॅनफर्ड आणि ब्रूस ब्रॅडली या दोघा पुरातत्त्ववाल्यांनी सोल्युट्रियन सिद्धांत मांडला, की फ्रान्स-स्पेनमधल्या हिमयुगातल्या सोल्युट्रियन संस्कृतीचे लोक बर्फाच्या कडेकडेने होड्यांतून अमेरिकेत पोचले, कारण त्यांची दगडी पाती आणि अमेरिकेतल्या क्लोव्हिस या जुन्या संस्कृतीची पाती सारखी दिसतात. आणि पुरावा म्हणून ह्याच एक्सकडे बोट दाखवलं जातं. हौशी लोकांनी तर त्याच्याही पुढे जाऊन इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या वगैरे आणल्या.

पण सोल्युट्रियन संपलं सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी आणि क्लोव्हिस सुरू झालं १३ हजारांच्या आसपास. मधे चार हजार वर्षं. दगडाला दगडासारखंच घासलं तर पातं सारखंच दिसणार, त्याला नातं म्हणता येत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाताना आईला नकाशा दाखवला. ती म्हणाली हे जास्त लाल आहे तिथूनच निघाले असतील ना. मी म्हटलं आई, मिरची सगळ्यात जास्त कुठे खातात? म्हणे कोल्हापूरला. मग मिरची कोल्हापूरची का? मिरची आली मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडून, पोर्तुगीजांच्या गलबतातून, पाचशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत आणि आता तिच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

आई म्हणाली हे भाषणात सांग, लोकांना कळेल. सांगणार आहे.

१३ जुलै, रविवार

नकाशा बाजूला ठेवला, झाडाला हात घातला. खरी मजा इथे आहे.

झाड वाचायचं म्हणजे कुठला बदल कुणाकुणात आहे ते बघायचं. १४४७० आणि १३९६६ सारखे बदल सगळ्या एक्समधे. १७१९ चा बदल आला की एक्स२. आता एक्स२ए, अमेरिकेचा, त्यात ८९१३, १४५०२ आणि १६२१३ हे बदल, आणि हे युरोपातल्या एक्स२ मधे नाहीत. युरोपातल्या एक्स२बी, एक्स२सी वगैरेंचे स्वतःचे वेगळे बदल आहेत आणि ते अमेरिकेत नाहीत. म्हणजे दोघी एकमेकींच्या लेकी नाहीत, लांबच्या चुलत-मावस बहिणी आहेत, खोडाजवळच वेगळ्या झालेल्या. अटलांटिक ओलांडून कुणी आलं असतं तर अमेरिकेची डहाळी युरोपच्या एखाद्या डहाळीतून फुटलेली दिसली असती. तशी ती दिसत नाही.

फायलोट्रीत एक्स२ए चं सगळ्यात जवळचं नातं एक्स२जे शी लावलंय, १२३९७ हा एक बदल दोघींत सामाईक. आणि एक्स२जे ही पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेच्या बाजूची, फ्रान्स-स्पेनची नाही. एकाच बदलावर घर बांधू नये हे मान्य, पण बोट दाखवतंय ते बिस्केच्या उपसागराकडे तरी दाखवत नाहीये.

अजून एक, २००९ च्या एका अभ्यासात एका ओजिब्वे नमुन्यात एक्स२ सापडला जो एक्स२ए नाही, त्याला एक्स२जी नाव दिलं. एकच नमुना. माझ्या झाडावर ती काडीएवढी फांदी एकटीच बाजूला उभी आहे, बघून वाईट वाटतं. त्याच अभ्यासाचा मुख्य मुद्दा वेगळाच होता, की डी४एच३ ही दुर्मिळ फांदी पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली उतरत गेली आणि एक्स२ए बर्फाच्या दोन चादरींमधे उघडलेल्या वाटेने आतल्या बाजूला आली, म्हणजे एकाच काळात दोन वाटा.

झाड काढायला चार वेळा कागद बदलला. शेवटी हाताने काढलं, आडवं, मूळ डावीकडे.

२६ जुलै, शनिवार

पाऊस म्हणजे पाऊस. लाइट दोनदा गेली. काळ मोजायचं काम केलं, ते कागदावरही होतं.

पद्धत सोपी आहे. फांदीच्या मुळापासून आजच्या नमुन्यांपर्यंत सरासरी किती बदल साठलेत ते मोजायचं आणि एका बदलाला लागणाऱ्या काळाने गुणायचं. २००९ मधे बसवलेल्या घड्याळाप्रमाणे पूर्ण मायटोजिनोमसाठी सरासरी ३,६२४ वर्षांत एक बदल. समजा सरासरी ४ बदल निघाले, तर ४ गुणिले ३,६२४ म्हणजे १४,४९६. झालं. पण हे शेवटचं ९६ किती फसवं आहे! जणू मंगळवारी दुपारी जन्मली. प्रत्यक्षात इकडेतिकडे काही हजार वर्षं सहज सरकतात, शिवाय घड्याळ सरळ रेषेत चालत नाही, त्याला वेगळी दुरुस्ती करावी लागते. जुन्या पेपरांत दुसरं घड्याळ होतं, फक्त कोडिंग भागासाठी (ज्यात जनुकं असतात) ५,१४० वर्षांना एक बदल. दोन पेपरांतले आकडे शेजारी ठेवताना आधी घड्याळ कुठलं ते बघायचं, हे मी लाल शाईने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय कारण मी स्वतः जूनमधे दोन वेगळ्या घड्याळांचे आकडे एकाच रकान्यात भरले होते.

नकाशावर वर्षं छापणार नाही. "हिमयुगाच्या शेवटाजवळ" एवढंच लिहिणार.

३ ऑगस्ट, रविवार

आज केनेविक. ह्याच्यासाठीच मी हा विषय घेतला होता खरं तर.

२८ जुलै १९९६. वॉशिंग्टन राज्यातल्या केनेविक गावाजवळ कोलंबिया नदीवर होड्यांची शर्यत, ती बघायला गेलेल्या दोन पोरांना पाण्यात कवटी दिसली. मग जवळजवळ सगळा सांगाडाच मिळाला. आधी बघणाऱ्याला तो एकोणिसाव्या शतकातला गोरा वसाहतवाला वाटला, मग कमरेच्या हाडात रुतलेलं दगडी पातं दिसलं आणि काळ काढला तर हजारो वर्षं, साधारण साडेआठ हजार. तिथून भांडण. तिथल्या जमातींचं म्हणणं हा आमचा पूर्वज आहे, आम्हाला द्या, आम्ही मातीत ठेवतो. ते त्याला प्राचीन पुरुष म्हणतात. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं कवटीचा आकार इथल्या लोकांसारखा नाही, अभ्यास करू द्या. कोर्टकचेरी झाली, २००४ मधे निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने.

आणि मग जून २०१५ मधे कोपनहेगनच्या प्रयोगशाळेने त्याच्या हाताच्या हाडातून जिनोम वाचला. निकाल जमातींच्या बाजूने. आजच्या कुठल्याही लोकांपेक्षा तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्याच जवळचा, कोलव्हिल जमातीने नमुने दिले होते त्यांच्याशी तर नातं चांगलंच जवळचं. कवटीच्या आकारावरून जे वीस वर्षं चाललं ते सगळं पाण्यात. फेब्रुवारी २०१७ मधे जमातींनी त्याला पुन्हा जमिनीत ठेवलं, जागा गुप्त.

आता माझ्या कामाचं, त्याचा आईकडचा वंश एक्स२ए. आणि नुसता एक्स२ए नाही, त्या फांदीच्या अगदी मुळाशी बसणारा. म्हणजे आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जुना एक्स२ए सापडला तो खंडाच्या पश्चिम टोकाला, पॅसिफिकच्या बाजूला. ग्रेट लेक्सचा गडद ठिपका नंतरचा. २०१५ मधेच जेनिफर रॅफ आणि डेबोरा बोल्निक यांनी एक्सच्या अटलांटिक कहाणीची रीतसर झडती घेतली आणि त्यात केनेविकचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बाकीचा जिनोमही बघा ना, एक्स२ए असलेल्या त्या माणसात युरोपातून वेगळं काही आलेलं दिसत नाही, जे ए-बी-सी-डी वाल्यांचं तेच ह्याचं. २००८ मधे पूर्ण मायटोजिनोमांवरून ब्राझीलच्या गटाने म्हटलंच होतं की एक्स ही वेगळी टोळी नाही, त्याच पहिल्या लोकांबरोबर आलेली.

रात्री अकरा. झाडावर केनेविकचा ठिपका मुळाशी काढला, जरा मोठाच काढला.

९ ऑगस्ट, शनिवार

मैत्रिणीने बरोबर नस पकडली. म्हणाली ठीक आहे, अटलांटिक नाही, पण मग सायबेरियातला कोरा पट्टा? तिथून आल्या तर मागे कुणीच कसं उरलं नाही?

उत्तराचा एक तुकडा माल्टा. बायकल सरोवराजवळ माल्टा गावी २४ हजार वर्षांपूर्वीचा एक लहान मुलगा, त्याचा जिनोम २०१३ मधे आला, आणि तो पश्चिमेकडच्या लोकांच्या जवळचा निघाला, पूर्व आशियाच्या नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वारशात १४ ते ३८ टक्के भाग अशा लोकांचा. म्हणजे त्या काळी सायबेरियात असे लोक राहात होते जे नंतर तिथून पुसले गेले. मुलाचा स्वतःचा आईकडचा वंश यू आहे, एक्स नाही, त्यामुळे हा पुरावा थेट नाही. पण "पश्चिमेचा वंश सायबेरियात कसा असेल" ह्या शंकेतली हवा जाते. आज कोरा दिसणारा पट्टा तेव्हा कोरा नव्हता.

युरोपातला एक्स२ मात्र दुसऱ्याच कारणाने पसरलेला दिसतो. अनातोलियाहून जे पहिले शेतकरी बियाणं आणि गुरं घेऊन युरोपात शिरले त्यांच्या हाडांत एक्स२ मिळतो. म्हणजे ऑर्कनीचे ७ टक्के हे गव्हाच्या मागे मागे गेलेले, हिमयुगातले दर्यावर्दी नव्हेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. भरकटले. आइसलँड.

पण दुर्मिळ वंश म्हटलं की हे सोडवत नाही. २०११ मधे आइसलँडमधे सी१ई नावाची फांदी जाहीर झाली, ८० हून जास्त जिवंत माणसांत. सी१ म्हणजे अमेरिका-आशियाचा वंश, आइसलँडमधे कशाला असेल? लगेच डोळ्यासमोर व्हायकिंग होडी, ग्रीनलँडपलीकडून आणलेली एखादी बाई. तिकडे वंशावळी इतक्या पक्क्या की ह्या सगळ्यांचा आईकडचा धागा १७०० च्या सुमाराच्या चार बायकांपर्यंत नेता आला, म्हणजे मूळ बाई त्याच्याही बरीच आधी बेटावर आलेली. मग २०१४ मधे रशियात कारेलियातल्या ओनेगा सरोवरातल्या हरीणबेटावरच्या साडेसात हजार वर्षं जुन्या हाडांत सी१एफ सापडला, जवळची फांदी, आणि तो चक्क युरोपात. म्हणजे आइसलँडच्या सी१ई ला अमेरिकेला जायची गरजच नाही, उत्तर युरोपातून पण आला असू शकतो. व्हायकिंगची गोष्ट मोडली नाही पण बसली जरा खाली.

दोन्हीकडे पॅटर्न तोच. आधी नकाशावर रेघ, मग एक जुनं हाड येतं आणि रेघ सरकवतं.

चार बायका १७०० सालच्या! मी माझ्या आईच्या आईच्या आईच्या पुढे जाऊ शकत नाही. आपल्या वंशावळी बापाच्या, हेळवी येऊन वाचून दाखवतो त्यातही मुलगे. आणि लग्नात बायकांचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत, त्यामुळे माहेरच्या कागदातली यमू सासरच्या कागदात लक्ष्मी आणि त्या दोघी एक हे फक्त तोंडी ऐकलेल्यांना माहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

नकाशावर कोऱ्या जागा दोन प्रकारच्या आहेत हे आज डोक्यात शिरलं, तिसरा महिना चालू आहे तेव्हा.

एक, जिथे भरपूर नमुने तपासले आणि एक्स मिळाला नाही. दुसरी, जिथे कुणी तपासलंच नाही. मी दोन्ही पांढऱ्या ठेवल्या होत्या. हे तर तेच झालं, पांडाजने मला जे केलं तेच मी वाचणाऱ्याला करत होते. आणि दुसऱ्या प्रकारात नुसता आळस किंवा पैशांचा प्रश्न नाही, नकारही आहे. अ‍ॅरिझोनात हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमाराला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, ते न विचारता दुसऱ्याच अभ्यासांना वापरलं गेलं, त्यात त्यांचे पूर्वज कुठून आले हाही विषय होता, जो त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेच्या विरुद्ध जातो. केस झाली, २०१० मधे विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली, रक्ताचे नमुने परत केले. नवाहो नेशनने तर २००२ पासून जनुकीय संशोधनालाच बंदी घातलेली. मग डेटाबेसमधे अमेरिकेचे नमुने कमी का ते विचारायला नको. मीही दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तावर वीकेंडचा छंद करतेय, हे एकदा स्वतःशी बोलून घेतलं.

तर आता: तपासलं आणि नाही, तिथे पांढरं. तपासलंच नाही किंवा फार कमी, तिथे राखाडी तिरप्या रेघा.

द्रूझ लोकांचंही आज निपटलं. २००८ च्या अभ्यासात गॅलिलीच्या गावांत एक्स खूप, आणि एक्स१ एक्स२ दोन्ही, डहाळ्याही वेगवेगळ्या. सुरुवातीला मी मिरचीचा नियम लावला, की जिथे नुसतं प्रमाण जास्त ते मूळगाव नाही, जिथे विविधता जास्त ते मूळगाव. पण द्रूझ पंथ अकराव्या शतकातच बाहेरच्यांना बंद झाला, लग्नं आपापसांत, त्यामुळे एकेकाळी त्या भागात पसरलेल्या आणि बाकीकडे विरलेल्या फांद्या तिथे टिकून राहिल्या. कोठार म्हणा, मूळगाव नाही. म्हणजे मिरचीचा नियमही आंधळेपणाने लावायचा नाही, भाषणातून काढत नाही पण पुढे एक "पण" जोडते.

ओजिब्वेंचे २५ टक्केही असेच, लहान गटात एखादीला मुली जास्त झाल्या की काही पिढ्यांत तिचा वंश फुगतो आणि शेजारणीला मुलगेच झाले की तिचा संपतो. माझ्या बाबांच्या आईला चार मुलगे, गावभर कौतुक, पेढे वाटले म्हणे प्रत्येक वेळी. ह्या झाडावर तिची फांदी तिथेच थांबली.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. आज कामाला सुट्टी असं ठरवलेलं पण घरात मावशी, मावसबहिणी, आईची मामेबहीण सगळ्या जमलेल्या, वही घेऊन बसलेच. आईची आई सरस्वती, माहेरची द्वारका. तिची आई? मावशी म्हणाली कृष्णा, आई म्हणाली नाही गं कृष्णा तिचं सासरचं, माहेरचं काशी. मामेबहीण म्हणाली काशी ही वेगळी, ती कृष्णेची जाऊ. अर्धा तास. शेवटी काशी/कृष्णा असं तिरपी रेघ देऊन लिहिलं. तिच्या आधीची कुणालाच माहीत नाही, फक्त ती चिपळूणकडची होती आणि तिला सातूचं पीठ आवडायचं.

पाच खणांचा तक्ता काढला होता. चौथा अर्धा, पाचवा रिकामा. त्यातही राखाडी रेघा मारल्या.

६ सप्टेंबर, शनिवार

भाषण पुढच्या शनिवारी. आज अनंत चतुर्दशी, सगळं बंद पडायच्या आत सकाळी फ्लेक्सवाल्याकडे जाऊन आले. झाड उत्तम छापलंय, केनेविकचा ठिपका लांबून दिसतो. एक्स२जी ची काडी पण दिसते.

नकाशा उलगडला तर सायबेरियाचा बराचसा भाग, अमेरिकेचा नैऋत्य भाग, सगळं स्वच्छ पांढरं. राखाडी रेघा गायब. पोराला विचारलं तर म्हणाला मॅडम त्या फाइलमधे घाण आलेली ना, रेघा रेघा, मी सगळ्या काढल्या, दोन तास लागले, पैसे नाही लावले त्याचे.

त्याला काय बोलणार. बसून समजावलं, त्या रेघा म्हणजे तिथे बघितलेलंच नाही. तो म्हणाला मग तसं लिहा ना तिथे. बरोबर आहे त्याचं. जागेवरच सूचीत एक ओळ टाकली, "रेघा असलेल्या जागी तपासणी झालेली नाही", आणि परत छापायला दिलं. विसर्जनामुळे उद्या बंद, मंगळवारी मिळेल.